घसा, रांजण आणि पेनिसिलिन



अक्कलकोट तालुक्यातली एखादी शाळा डोळ्यांपुढे आणा. थंडीचे दिवस आहेत. गुरुजी हजेरी घेत आहेत आणि दोन जागा रिकाम्या आहेत. शेजारचा पोरगा सांगतो, "गुरुजी, त्याचा घसा दुखतोय." मागच्या ओळीतला दुसरा आपल्या घरच्या बोलीत म्हणतो, "गंटलु नोवु." मराठी आणि कानडी या तालुक्यात एकाच बाकावर बसतात. घसा मात्र दोन्ही भाषांत सारखाच दुखतो. घरी आजी म्हणते, पडजीभ पडली असेल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, हळद घातलेले दूध पी. चार दिवसांनी पोरगा शाळेत येतो. महिन्याने पुन्हा तीच जागा रिकामी!

आजीचे बहुतेक वेळा बरोबरच असते. घशाची पुष्कळशी दुखणी पडशा-खोकल्याच्या जातीची असतात. ती आपोआप बरी होतात, त्यांना जालीम औषध लागत नाही. पण मुलांच्या घशाच्या चार-पाच दुखण्यांत एखादे निराळे निघते. ते एका विशिष्ट जंतूचे असते, आणि त्याची गोष्ट घशापाशी संपत नाही. त्या जंतूचा आणि त्याच्यावरच्या औषधाचा इतिहास आज आपण पाहू.

या जंतूला नाव दिले व्हिएन्नाचे शस्त्रवैद्य बिलरोथ यांनी, १८७४ साली. जखमांच्या पुवात त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली बारीक गोल कण एकापुढे एक ओवल्यासारखे दिसले. म्हणून त्यांनी ग्रीक शब्द जोडून नाव ठेवले स्ट्रेप्टोकॉकस. आपण म्हणू, मण्यांच्या माळेचा जंतू. पुढे पाच वर्षांनी, १८७९ साली, पॅरिसमध्ये वैद्यांची सभा भरली होती. बाळंतिणींच्या तापाचे कारण काय, यावर एक विद्वान बोलत होते. लुई पाश्चर मध्येच उठले, फळ्यापाशी गेले आणि खडूने त्यांनी मण्यांची माळ काढून दाखवली. या तापाचे कारण हे! शिक्षक बंधूंनो, खडू-फळ्याचा इतका मोठा उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

कारण कळले, पण औषध नव्हते. त्या काळी साधी जखमही जिवावर बेतत असे. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्याच चीनमध्ये कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत होते. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला चीर पडली, जंतू रक्तात भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. इतका मोठा शस्त्रवैद्य बोटाच्या चिरेने गेला! त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे पहिले संचालक १९४१ साली डॉ. कोटणीस झाले.

तोवर औषधाची पहिली पहाट मात्र झाली होती. जर्मनीत गेरहार्ड डोमाक रंगांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करीत. प्राँटोसिल नावाचा तांबडा रंग माळेच्या जंतूवर चालतो, असे त्यांना उंदरांवर दिसले. १९३५ साली त्यांच्याच लहान मुलीच्या हातात सुई घुसली, हात सुजला, विष चढू लागले. बापाने तोच तांबडा रंग मुलीला दिला. मुलगी वाचली, हातही वाचला. सल्फा औषधांची सुरुवात ती हीच.

आणि मग पेनिसिलिन. लंडनच्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली बुरशीतला हा गुण दिसला. पण बुरशीतून औषध वेगळे काढले ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांनी ते एका पोलिसाला टोचले. त्याचा चेहरा जंतूंनी नासला होता, एक डोळा गेला होता. औषध सुरू झाले आणि ताप उतरला, माणूस जेवू लागला. पण औषध होते किती? चिमूटभर! त्याच्या लघवीतून उरलेसुरले पेनिसिलिन गाळून काढून पुन्हा त्यालाच टोचीत. पाच दिवसांत सारे संपले. जंतू पुन्हा उसळले आणि मार्चमध्ये तो माणूस गेला. यानंतर फ्लोरींनी मुद्दाम लहान मुले निवडली, कारण लहान अंगाला औषध थोडे पुरते.

हा पोलीस लक्षात ठेवा. त्याला बरे वाटत होते, पण तो बरा झाला नव्हता. या दोन गोष्टींतले अंतर हेच आजच्या भाषणाचे सार आहे.

आता आपल्याकडे या. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा पेनिसिलिन परदेशातून यावयाचे आणि गरिबाला परवडावयाचे नाही. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले साहिब सिंग सोखी यांचा आग्रह होता की अशी औषधे देशात आणि सरकारी कारखान्यात व्हावीत. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी तिला साहाय्य केले आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. जे औषध ऑक्सफर्डला एका माणसाला पुरले नाही, ते चौदा वर्षांत पिंपरीच्या टाक्यांत आंबवले जाऊ लागले!

तुम्ही विचाराल, एवढे औषध हाती आले, मग घसा पुन्हा पुन्हा का येतो? जंतू औषधाला सरावला काय? नाही. नवल हे की इतकी वर्षे झाली तरी घशाचा हा जंतू पेनिसिलिनपुढे टिकायला शिकलेला नाही. मग कारणे कोणती?

पहिले कारण आपणच. दहा दिवसांचे औषध डॉक्टर देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो. उरलेल्या गोळ्या फळीवर जातात, पुढच्या वेळी धाकट्याला उपयोगी पडतील म्हणून. म्हणजे ऑक्सफर्डला औषध नव्हते म्हणून जे घडले, ते आपण औषध असून घडवून आणतो. दुसरे कारण म्हणजे एकाच खोलीत निजणारी भावंडे. एकाचा जंतू दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा पुन्हा पहिल्याला.

तिसरे कारण समजायला घरातला रांजण पाहा. पाणी स्वच्छ, वरून झाकण, तरी आतून हात फिरवला की बुळबुळीत लागते. नुसते पाणी ओतून खळबळले तर तो थर जात नाही, काथ्या घेऊन घासावे लागते. हा थर म्हणजे जंतूंची वस्तीच. सुटा जंतू वाटसरासारखा, पण जागा मिळाली की तो चिकटतो, भोवती चिकट पदार्थाचा गिलावा करतो आणि त्याच्या आड हजारो जंतू एकत्र राहतात. शास्त्रज्ञ याला बायोफिल्म म्हणतात. कॅनडात काम करणारे बिल कॉस्टरटन यांनी १९७८ पासून हा विचार जगापुढे जोराने मांडला.

पण पाहिले होते ते तीनशे वर्षांपूर्वी! हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. सोलापूरच्या चादरीचा सूत पारखणारा जसा कापड डोळ्याजवळ धरतो, तसा तो भिंगाने धागे पारखी. १६८३ साली त्याने स्वतःच्या दातांवरचे किटण भिंगाखाली धरले आणि त्यात हलणारे जीव पाहिले. त्याने व्हिनेगरने चूळ भरली. वरवरचे जीव मेले, किटणाच्या आतले जिवंत राहिले. थराच्या आत औषध पोचत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

घशाच्या दोन बाजूंच्या गाठींना, म्हणजे टॉन्सिलना, खोल चिरा असतात. शस्त्रक्रियेने काढलेल्या टॉन्सिलच्या चिरांत जंतूंच्या अशा वस्त्या असल्याचे २००३ साली सूक्ष्मदर्शकाने दाखवले गेले. पेनिसिलिनची रीत अशी की जंतू वाढताना आपली भिंत बांधतो, ते बांधकाम ते बिघडवते. पण वस्तीच्या तळाशी सुस्त पडलेल्या जंतूने बांधकामच थांबवलेले असते. त्याचे बिघडवणार काय? हट्टी घशामागे हे कारण कितपत असते याचा अभ्यास चालूच आहे. म्हणून वारंवार घसा येणाऱ्या मुलाचे डॉक्टर घशातला बोळा तपासायला पाठवतात, औषध बदलतात, क्वचित टॉन्सिल काढायला सांगतात. काही मुलांच्या घशात तर हा जंतू त्रास न देता नुसता राहतो; त्यांना दरवेळी औषध लागत नाही. हा निवाडा डॉक्टरांचा, दुकानदाराचा नव्हे.

एवढा खटाटोप कशासाठी? हृदयासाठी. या जंतूशी लढताना काही मुलांच्या शरीराची चूक होते. जंतूवर उगारलेले शस्त्र आपल्याच सांध्यांवर आणि हृदयावर पडते. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा सुजतो. सांध्यांची सूज निघून जाते, हृदयाच्या झडपांची इजा मात्र मागे राहू शकते. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळू लागला की पाणी मागे जाते आणि पंप उगाच दमतो. तसेच हे. याला संधिज्वराचा हृदयविकार म्हणतात. तो मुख्यतः पाच ते पंधरा वर्षांच्या, दाटीवाटीने राहणाऱ्या गरीब घरच्या मुलांना गाठतो.

आणि हे टळते! अमेरिकेत वायोमिंगच्या लष्करी तळावर रॅमेलकँप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सैनिकांवर केलेल्या अभ्यासातून १९५० साली दाखवून दिले की घशाला वेळेवर पेनिसिलिन दिले तर हा ताप बहुधा येत नाही. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी चालते. म्हणजे अक्कलकोटच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा सोलापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जायला आठवडाभराची सवड आहे. ती दवडू नका. ज्याला एकदा हा ताप येऊन गेला, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी लांब टिकणाऱ्या पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षे घ्यावी लागते. ती चुकवू नये.

शिक्षकांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. खोकला नाही, नाक वाहत नाही, पण ताप आहे, गिळताना दुखते, मानेत अवघाण आले आहे, असे मूल दिसले तर पालकांना निरोप द्या. मागच्या महिन्यात धावणारे मूल आता पायऱ्या चढताना धापा टाकत असेल तर त्याला आळशी म्हणू नका. आणि एखाद्या मुलीचे अक्षर एकाएकी बिघडले, हातातून पाटी-पेन्सिल पडू लागली, हात-चेहरा आपोआप हलू लागला, तर छडी उचलू नका. तोही याच दुखण्याचा एक प्रकार असू शकतो. तिला शिक्षा नको, डॉक्टर हवा.

आणि आयाबायांनो, गुळण्या जरूर करा, हळद-दूध द्या. त्याने आराम पडतो. पण औषध दिले असेल तर ते डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस द्या. पूर्वी पेनिसिलिनने अंगावर पित्त उठले असेल, धाप लागली असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. धाकट्यासाठी गोळ्या राखून ठेवू नका.

रांजण बाहेरून कोरडा पुसला म्हणजे आतून स्वच्छ झाला, असे आपण म्हणत नाही. ताप उतरलेल्या पोराच्या बाबतीतही म्हणू नये.