दुसरी किल्ली

१९९० च्या दशकाच्या मध्यावर युरोपात फियातची पुन्टो घेणाऱ्याच्या हाती तीन किल्ल्या पडत. दोन निळ्या मुठीच्या, एक लालसर. निळ्या रोज वापरायच्या. लाल किल्ली मात्र घरात जपून ठेवायची, कारण पुढेमागे नवी किल्ली करायची झाली तर गाडीशी तिची ओळख ही लाल किल्लीच करून देणार. आता, फार जपून ठेवलेली वस्तू नेमकी हवी तेव्हा सापडत नाही, हे कुठल्याही घरात सांगायला नको. शिवाय गाडी दोन-तीन हात बदलली की लाल किल्ली पहिल्या मालकाच्या कपाटातच राहून जाई. मग उरलेल्या निळ्याही हरवल्या तर अनेकदा इंजिनाचा संगणकच बदलायची वेळ येई.

किल्ल्यांसोबत एक कार्डही मिळे. त्यावर पाच आकडी संकेत असे. गाडीनं किल्ली ओळखली नाही, तर ॲक्सिलरेटर दाबून धरायचा, डॅशबोर्डवरच्या दिव्याची उघडझाप मोजायची, पहिल्या आकड्याइतकी झाली की पाय उचलायचा. मग दुसरा आकडा, मग तिसरा. भर पावसात रस्त्याकडेला बसून हे करणाऱ्याची मनःस्थिती काय असेल!

किल्ली हरवणं ही इतकी मोठी आपत्ती पूर्वी नव्हती. १९०८ साली आलेली फोर्डची मॉडेल टी पुढून हँडल मारून सुरू व्हायची. किल्लीचं काम फक्त विजेचा स्विच चालू करण्यापुरतं. १९१९ पासूनच्या सेल्फ-स्टार्टरवाल्या गाड्यांच्या किल्ल्यांना ५१ ते ७४ असे नंबर होते, म्हणजे सगळे मिळून प्रकार २४. त्या काळात लाखोंनी खपलेल्या गाडीला! नंबर स्विचवरही कोरलेला असे. किल्ली हरवली की नंबर वाचायचा आणि दुकानातून त्या नंबरची दुसरी आणायची. चोरालाही तो नंबर तितकाच स्वच्छ दिसत होता, ही गोष्ट वेगळी.

पुढे ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही कंपनी जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी कुलपं बनवू लागली. तिनं १९३५ पासून नंबर लपवायची एक साधी युक्ती वापरली. किल्लीच्या डोक्यावरचा एक छोटा तुकडा ठोकून काढता येई, नंबर त्या तुकड्यावर. मालकानं तो टिपून घ्यायचा आणि तुकडा वेगळा करायचा. १९४९ मध्ये क्रायसलरनं किल्ली फिरवूनच स्टार्टर चालवायची सोय केली. तेव्हापासून दार उघडण्यापासून इंजिन सुरू करण्यापर्यंतचा सगळा कारभार धातूच्या एका पट्टीकडे आला.

मुंबईत ही पट्टी पुन्हा घडवणारा माणूस फुटपाथवर बसत आला आहे. कडीत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्यांचा जुडगा, एक लहानसा व्हाइस, दोन-तीन कानशी आणि वर टांगलेली पत्र्याची मोठी किल्ली, तीच त्याची पाटी. लोक त्याला चावीवाला म्हणतात. ‘चावी’ हा शब्द पोर्तुगीज ‘शावे’चा, म्हणजे तोही समुद्रावरून आलेला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियात, ज्यांचं १९७४ मध्ये पद्मिनी असं नाव झालं, त्यांची किल्ली हरवली की नमुन्याविना नवी करणं हा त्याच्या हातचा खेळ. कोरी किल्ली कुलपात घालून दाबून पिळायची, हलकेच हलवायची. आतल्या पत्र्या जिथं अडतात तिथं पितळेवर केसाएवढी खूण उठते. नेमकं तेवढंच घासायचं, पुन्हा घालायची, पुन्हा खूण पाहायची. खूण उठेनाशी झाली की ती खाच जमली. घाईनं एक कानस जास्त लागली तर किल्ली वाया. हे कसब बघायला भोवती चार माणसं हमखास उभी राहत.

हे कसब अपुरं पडलं ते जर्मनीमुळे. पूर्व युरोपच्या सीमा खुल्या झाल्यावर जर्मनीत गाड्यांच्या चोऱ्या वाढल्या, भरपाई देऊन विमा कंपन्या मेटाकुटीला आल्या आणि त्यांच्या आग्रहामुळे १९९५ पासून नव्या गाड्यांत इमोबिलायझर आला. ऑक्टोबर १९९८ पासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या गाडीला तो सक्तीचा झाला. यात किल्लीच्या मुठीत तांदळाच्या दाण्यासारखी एक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. स्टार्टरच्या कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून ती वीज घेते आणि आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही तर इंजिन चालू राहत नाही. कानशीनं हुबेहूब घडवलेली किल्ली दार उघडते, कुलपात फिरतेही, पण पुढे काही होत नाही.

म्हणून आताच्या चावीवाल्यांपैकी कित्येकांच्या पेटीत कानशीशेजारी टॅब्लेट असतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर जोडून तो गाडीच्या संगणकाशी बोलतो, सुरक्षेचा पिन मागतो, नव्या चिपची नोंद करतो. जुनी किल्ली हाती असली तर हे काम बरंच सोपं, एकही नसली तर वेळखाऊ आणि महाग. फोर्डच्या काही गाड्या तर सगळ्या किल्ल्या गेल्यावर नवी स्वीकारण्याआधी मुद्दाम दहा मिनिटं थांबायला लावतात. चोराला तेवढा वेळ मिळू नये हा हिशेब. मालकाला मात्र तो गुमान सोसावा लागतो.

या सगळ्यात एक जुनी आठवण निघते ती लालबागची. आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये तिथं कुलपं करायला सुरुवात केली. त्यांच्या ‘गॉर्डियन’ कुलपासोबत दोन किल्ल्या मिळत. पहिली हरवली तर दुसरीनं कुलपाची आतली रचना बदलता येई आणि हरवलेली निकामी होई. आज नवी किल्ली नोंदवताना कारागीर जुन्या किल्लीची नोंद संगणकातून पुसून टाकतो. ती पुढे कधी रेनकोटच्या खिशात सापडली, तर तिनं गाडीचं दार उघडतं, इतकंच.