तांब्याची करामत

कार्बन डायऑक्साइडवरील विजेचा प्रयोग आजचा नव्हे. १८७० साली रॉये यांनी जस्ताच्या ऋणाग्रावर त्यापासून फॉर्मिक आम्ल मिळविले होते. खरे वळण आले ते १९८५ मध्ये. जपानमधील चिबा विद्यापीठात योशिओ होरी व सहकाऱ्यांनी एकेक धातू तपासला. कथील-शिशाने फॉर्मेट दिले, सोन्याने कार्बन मोनॉक्साइड. तांब्याने मात्र मिथेन दिला, पुढे एथिलीनही. कारण तांबे कार्बन मोनॉक्साइडला चटकन सोडीत नाही, घट्ट जखडूनही ठेवीत नाही. या क्रियेला आपण ‘क्षपण’ म्हणतो. क्षपण म्हणजे क्षीण करणे. येथे तर काही घडते आहे! मज भाषेच्या माणसास तो शब्द खटकतो. परंतु त्याहून मोठा प्रश्न विजेचा. ती कोळसा जाळून आणली, तर जितका वायू वापरला त्याहून अधिक धुराड्यातून बाहेर पडतो.