वाचलेला वर्ण परत करण्याची सोय

संख्या कोठे संपली हे कळण्यास तिच्यापुढील चिन्ह वाचावेच लागते. आणि ते तर पुढच्या पदाचे असते. सी भाषेत ते प्रवाहात परत ठेवण्यासाठी ‘अनगेटसी’ हे फलन होते. कर्निगन व रिची यांच्या १९७८ च्या ग्रंथात ते आढळते. परंतु त्याचे एकक बाइट. शिफ्ट-जिस या जपानी संकेतपद्धतीत एक कांजी दोन बाइट व्यापते. एकच बाइट परत केल्यास अर्धेच अक्षर परत जाई. १९८९ च्या अमेरिकी मानकात विस्तृत वर्णाचा प्रकार आला खरा. तथापि तो प्रवाहातून वाचण्याची अथवा परत करण्याची सोय १९९५ च्या दुरुस्तीनेच झाली. या फलनाचे नाव ‘अनगेटडब्ल्यूसी’, कर्णकटू खरेच. परत केलेला वर्ण मूळ फाइलीत लिहिला जात नाही. प्रवाहातील स्थान हलविताच तो लोप पावतो. हमीही एकाच वर्णाची. युनिकोडमध्ये ‘क्ष’ मात्र क, हलन्तचिन्ह व ष अशा तीन वर्णांनी, म्हणजे यूटीएफ-८ पद्धतीत नऊ बाइटांनी, सिद्ध होतो. मराठी संहितेतील जोडाक्षर सबंध परत करावयाचे, तर आज्ञावली लिहिणाऱ्यास त्या वर्णांचा साठा स्वतःच बाळगावा लागतो.