सोयाबीन हमीभावाखाली विकलं गेलं का? शीटमधली ओळ आपोआप लाल कशी करायची

दोन कॉलममधल्या आकड्यांची तुलना करून सेलला रंग देणं, याला एक्सेल आणि गुगल शीट्समध्ये 'कंडिशनल फॉरमॅटिंग' म्हणतात. ऑफिसातल्या लोकांचं काम वाटतं, पण याचा खरा उपयोग शेतमालाच्या हिशोबात आहे.

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं तळेगाव (श्यामजी पंत) घ्या. नागपूर-अमरावती महामार्गावरचं गाव. या पट्ट्यात कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्रा. माल न्यायला आर्वी जवळ, हिंगणघाटची मोठी बाजारपेठ जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. कोणत्या दिवशी कुठे काय भाव मिळाला, हे वहीत लिहिलेलं असतं. पण हमीभावापेक्षा किती वेळा कमी मिळाला, हे वही चाळून पटकन सांगता येत नाही.

२०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्र सरकारने जाहीर केलेले हमीभाव असे आहेत: सोयाबीन ५,३२८ रुपये क्विंटल, तूर ८,०००, मध्यम धाग्याचा कापूस ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११०. आधीच्या हंगामात सोयाबीन ४,८९२ होतं. म्हणजे जुना माल नव्या भावाशी ताडला तर रंग खोटं बोलणार. हमीभावाचा कॉलम हंगामाप्रमाणे आणि कापसाच्या बाबतीत धाग्याप्रमाणेही भरावा लागतो.

आता शीट. 'ए' कॉलममध्ये तारीख, 'बी'मध्ये शेतमाल, 'सी'मध्ये हमीभाव, 'डी'मध्ये मिळालेला भाव, 'ई'मध्ये ओलावा. पहिली ओळ मथळ्यांची, नोंदी दुसऱ्या ओळीपासून. कॉम्प्युटरवर गुगल शीट्स उघडून ए२ ते ई२०० एवढा भाग निवडा. 'फॉरमॅट' मेनूतून 'कंडिशनल फॉरमॅटिंग'मध्ये जा, अटींच्या यादीत सगळ्यात खाली 'कस्टम फॉर्म्युला इज' आहे, तो निवडा आणि लिहा:

=$डी२<$सी२

(वाचायला सोपं म्हणून इथे देवनागरीत दिलंय. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच.) मग लाल रंग निवडा. एक्सेलमध्ये हेच 'होम', 'कंडिशनल फॉरमॅटिंग', 'न्यू रूल' या वाटेने होतं, फॉर्म्युला तोच.

बहुतेकांचं गाडं अडतं ते डॉलरच्या चिन्हापाशी. रुपयांच्या हिशोबात डॉलर कशाला, असं वाटणं साहजिक आहे! त्याचा पैशाशी संबंध नाही. 'कॉलम हाच धर, सरकू नकोस' एवढाच त्याचा अर्थ. डॉलर काढला तर 'ए' कॉलमचा सेल डी आणि सी ताडतो, पण शेजारचा 'बी' मात्र ई आणि डी ताडायला लागतो, आणि शीटवर कुठेही ठिपके उठतात. २ च्या आधी डॉलर नाही, कारण ओळ बदलत जायला हवी. निवडलेला भाग ज्या ओळीपासून सुरू होतो, तोच आकडा फॉर्म्युल्यात हवा.

नियम लावल्यावर खालच्या सगळ्या रिकाम्या ओळी लाल झाल्या तर घाबरू नका. हमीभाव आधीच भरून ठेवलाय आणि भाव अजून लिहिलेला नाही, अशा ओळीत रिकामा सेल शून्य धरला जातो आणि शून्य कमीच असतो. त्यासाठी फॉर्म्युला असा करा:

=अँड($डी२<>"",$डी२<$सी२)

याच्या उलट चूक जास्त घातक, कारण ती दिसत नाही. भावाच्या जागी '४४०० रु.' असं लिहिलं की शीट त्याला आकडा नाही, मजकूर समजते. आणि तुलनेत मजकूर हा कोणत्याही आकड्यापेक्षा मोठाच धरला जातो. म्हणजे भाव कितीही पडलेला असो, ओळ पांढरीच. ओळखायची खूण सोपी आहे: नुसता आकडा सेलमध्ये उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे.

संत्र्याची ओळही कधी लाल होणार नाही. संत्र्याला हमीभावच नाही, त्यामुळे 'सी' रिकामा. तिथे पांढरा रंग म्हणजे भाव चांगला मिळाला असं नव्हे. वाटलं तर त्या ओळीत स्वतःचा क्विंटलमागचा उत्पादन खर्च टाकून बघा, चित्र वेगळं दिसेल.

सोयाबीनला आणखी एक अट आहे. हमीभाव एफएक्यू दर्जाच्या मालासाठी असतो आणि त्यात ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के (२०२४-२५ च्या खरेदीत केंद्राने ती १५ पर्यंत सैल केली होती). ओल्या मालाला कमी भाव मिळणं आणि कोरड्या मालाला कमी मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून सोयाबीनच्या शीटला पिवळ्या रंगाचा दुसरा नियम लावा: =अँड($डी२<>"",$डी२<$सी२,$ई२>१२). हा नियम यादीत लाल नियमाच्या वर ओढून ठेवा. दोन्ही अटी लागू झाल्या तर वरचा नियम जिंकतो.

व्हॉट्सॲपवर अशी लालभडक शीट फिरत आली, तर आधी 'डी' कॉलममध्ये काय आहे ते विचारा. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनुसार किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. किमान दर घेतला तर जवळपास सगळं लाल करता येतं, कमाल घेतला तर सगळं आलबेल. गावाची तुलना करायची तर सर्वसाधारण दर बरा. स्वतःच्या घराचा हिशोब असेल तर मात्र हाती आलेल्या पट्टीवरचाच भाव.

लाल रंग फक्त कमी मिळाल्याचं सांगतो, किती ते नाही. उदाहरणार्थ, २० क्विंटल सोयाबीन ४,४०० ने गेलं, तर फरक क्विंटलमागे ९२८ आणि एकूण १८,५६० रुपये. पुढे दोन कॉलम वाढवून 'एफ'मध्ये क्विंटल लिहा आणि 'जी'मध्ये सी वजा डी गुणिले एफ करा. सरकारी खरेदीसाठी नोंदणी करून थांबायचं की आजच विकायचं, हे ठरवताना हाच आकडा कामाचा.

आणि शीटची झेरॉक्स काढून कुठे द्यायची असेल, तर लाल-पिवळं सगळं करडं होतं. त्यासाठी 'एच' कॉलममध्ये =इफ(अँड($डी२<>"",$डी२<$सी२),"कमी","") टाकून खाली ओढा. रंग गेला तरी 'कमी' हा शब्द कागदावर राहतो.