जुना अ‍ॅम्प्लिफायर : दुरुस्त करावा की परत द्यावा?

सान्सुई, पायोनियर यांसारख्या जपानी कंपन्यांचे १९७०च्या दशकातील अ‍ॅम्प्लिफायर आजही हौसेने विकत घेतले जातात. घरी आणल्यावर एका बाजूचा आवाज येत नाही किंवा स्पीकर सतत घुमतो असे लक्षात आले, की हात आपसूक स्क्रू-ड्रायव्हरकडे वळतो. तो आवरलेला बरा. झाकण उघडून आतील भाग बदलल्यावर यंत्र परत करण्याचा हक्क टिकणे कठीण.

मालविक्री अधिनियम, १९३० मधील कलम ४२ नुसार, ताब्यात आलेली वस्तू नकार न कळवता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतली, किंवा विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही केले, तर खरेदीदाराने ती स्वीकारली असे मानले जाते. वाजवी म्हणजे नेमके किती दिवस, हे कायदा सांगत नाही. म्हणून दोष आढळताच विक्रेत्याला लेखी कळवावे व दोष दाखवणारी चित्रफीत सोबत जोडावी. दुकानदाराकडून घरगुती वापरासाठी घेतलेल्या वस्तूबाबत ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. घरातील जुनी वस्तू एकदाच विकणाऱ्या व्यक्तीविरुद्ध हा मार्ग सहसा चालत नाही. तिथे जाहिरातीतील ‘चालू स्थितीत’ हे शब्दच खरा आधार. ती जाहिरात जपून ठेवावी.

पुढचा निर्णय दोषाच्या स्वरूपावर अवलंबून असतो. व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर बहुधा कंट्रोलमध्ये साचलेल्या धुळीमुळे व गंजामुळे होते. किनारपट्टीच्या दमट हवेत हे नवल नव्हे, आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने ती बहुतेक वेळा जाते. आवाज पूर्ण कमी केल्यावरही टिकणारी घरघर ही पुष्कळदा वीजपुरवठ्यातील कपॅसिटर वाळल्याची खूण असते. तसे कपॅसिटर आजही मिळतात. पन्नास वर्षांच्या यंत्रात ते बदलावे लागणे हा वयाचा भाग होय. विक्रेत्याशी बोलून तेवढी रक्कम किमतीतून वळती करून घेणे, परत पाठवण्यापेक्षा श्रेयस्कर.

गंभीर दोष ओळखण्यासाठीही झाकण उघडावे लागत नाही. स्पीकर काढून ठेवून त्याच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजावे. काही मिलिव्होल्ट दिसले तर चिंता नाही. काही व्होल्ट दिसले, तर आउटपुटचा भाग बिघडला आहे आणि स्पीकर जोडल्यास त्याची कॉइल जळू शकते. यातील अनेक मूळ ट्रान्झिस्टर व एसटीके आयसी आता तयार होत नाहीत. त्यांच्या नावाने नकली मालच अधिक विकला जातो. असे यंत्र परत द्यावे. जळालेल्या ट्रान्सफॉर्मरचेही तेच, कारण त्या मापाचा दुसरा मिळणे दुरापास्त.

मात्र मागील पट्टीवर १०० व्होल्ट लिहिलेले, जपानच्या बाजारासाठी बनवलेले यंत्र खरेदीदारानेच थेट २३० व्होल्टच्या प्लगला जोडले असेल, तर तो दोष विक्रेत्याच्या माथी मारता येणार नाही.