कॅज्युअल्टीतला एकटा पोरगा

या वीकेंडला नशिराबादला घरी आलोय. हायवेवरचे ट्रक ऐकले की अजूनही २००८ साल आठवतं. मी शाळेत होतो. काकांच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. जीपमध्ये टाकून लगेच दवाखान्यात नेलं, पण कॅज्युअल्टीत होता एकटा इंटर्न! तो बिचारा फोनवर फोन करत राहिला. मोठे डॉक्टर येईपर्यंत तास गेला. काका वाचले, पाय मात्र कायमचा अधू झाला. त्या पोराला आम्ही घरात वर्षानुवर्षं शिव्या घातल्या.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की ‘इमर्जन्सी मेडिसिन’ला मेडिकल कौन्सिलने स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली तीच मुळी २००९ मध्ये. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. म्हणजे मध्ये १६४ वर्षं गेली! अमेरिकेत सिनसिनाटीला पहिली रेसिडेन्सी १९७० मध्ये सुरू झाली, आणि या शाखेला तिथे मान्यता मिळाली १९७९ मध्ये. आपल्याकडे तोवर कॅज्युअल्टी म्हणजे ज्याची ड्यूटी लागेल त्याने सांभाळायची जागा.

आता एमडीची तीन वर्षं असतात. ढोबळमानाने सांगायचं तर पहिल्या वर्षी श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम हातात बसवायचा. शिवाय कोणाला आधी बघायचं ते ठरवायला, म्हणजे ट्रायाज करायला शिकायचं. मग भूल, आयसीयू, ऑर्थो, बालरोग अशा विभागांत फिरायचं. दुसऱ्या वर्षी अवघड पेशंट स्वतः हाताळायचे, पण मागे सीनियर उभा. तिसऱ्या वर्षी अख्खी पाळी चालवायची, ज्युनियरना शिकवायचं. सोबत प्रबंध आहेच. आणि २०२०-२१ च्या बॅचपासून सगळ्याच पीजी डॉक्टरांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. आपल्या भागासाठी मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आमच्या कंपनीत प्रॉडक्शन सर्व्हर पडला तर फ्रेशरला कोणी एकट्याला बसवत नाही. आणि तिथे तर फक्त सर्व्हरच पडलेला असतो!

तो इंटर्न तेव्हा माझ्या आजच्या वयापेक्षाही लहान असणार. काल रात्री आजीला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मंग त्याच्या वरचे कुठे होते रे?”

आजी, तेच तर सांगतोय...