एक्स-रे टेक्निशियन व्हायचंय? फी भरायच्या आधी मान्यता बघा

जयसिंगपूर : बारावी सायन्सनंतर एक्स-रे टेक्निशियन व्हायचं असेल, तर शिरोळ तालुक्यातल्या मुलामुलींनी कोर्सची मान्यता आधी तपासावी. ‘सहा महिन्यांत सर्टिफिकेट’च्या नादात पैसे भरले, तर पुढे नोंदणी अडते.

शिक्षण : नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी पदवी ३ वर्षांची, वर १ वर्ष इंटर्नशिप. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. जवळची सरकारी मेडिकल कॉलेजं मिरज आणि कोल्हापुरात आहेत. चौकशी तिथं करावी.

नोंदणी : राज्याच्या २०११ च्या कायद्यानुसार महाराष्ट्र परावैद्यक परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं. संस्थेच्या कोर्सवर तिथं नोंदणी मिळते का, हे परिषदेलाच विचारावं.

सुरक्षा : कामावर टीएलडी बॅज छातीवर, लेड अ‍ॅप्रनच्या आत लावायचा. अंगाला किती रेडिएशन लागलं ते त्यावरून कळतं. मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. बॅज न देणाऱ्या सेंटरवर काम धरू नये.

लक्षात ठेवा : एक्स-रेचं शिक्षण म्हणजे सोनोग्राफीचा परवाना नव्हे. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यानुसार ते काम पात्र डॉक्टरांचंच.